सावकाराचा लोभ, सरकारचा सारा आणि 'दामदुप्पट': १८७५ मध्ये सुप्याच्या शेतकऱ्यांनी वह्या का जाळल्या?

'दामदुप्पट' हा शब्द कानावर पडला की आज डोळ्यांपुढे काय येतं? 'इतक्या महिन्यांत पैसे डबल' म्हणणारी एखादी स्कीम, चकाचक ऑफिस, हॉटेलच्या हॉलमधला सेमिनार आणि काही महिन्यांनी बंद शटरसमोर जमलेली गर्दी.

जानेवारी २०२५ मध्ये मुंबईत दादरला 'टोरेस' या दागिन्यांच्या दुकानासमोर अशीच गर्दी झाली. दर आठवड्याला परतावा मिळेल म्हणून लोकांनी पैसे घातले होते. पैसे यायचे थांबले आणि लोक रस्त्यावर आले. सोशल मीडियावरची प्रतिक्रिया ठरलेली होती: हाव केली, आता भोगा.

गंमत अशी की दामदुप्पट हा शब्द मुळात नेमक्या उलट कामासाठी होता. तो होता कर्जाच्या व्यवहाराचा एक जुना नियम. सावकाराला एका वेळी मुद्दलाएवढंच व्याज वसूल करता येईल, त्यापुढे एक पैसाही नाही. शंभर रुपये दिले असतील तर कितीही वर्षं उलटोत, एकूण दोनशेच्या वर मागायचं नाही. मनुस्मृतीत ही मर्यादा आहे, कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही आहे. पश्चिम भारतात ती व्यवहारात इतकी रुळली होती की इंग्रजी राजवटीत मुंबईच्या न्यायालयांनीही हिंदू कायद्याचा भाग म्हणून तिला मान्यता दिली.

म्हणजे हा लोभाला घातलेला लगाम होता. आज तोच शब्द लोभाचं आमिष म्हणून वापरला जातो. या लगामाचं काय झालं, हे समजून घ्यायचं तर दीडशे वर्षं मागे, पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला जावं लागतं.

१२ मे १८७५

सुपे आज बारामती तालुक्यात आहे. तेव्हा ते भीमथडी तालुक्यात होतं. शहाजीराजांच्या पुणे-सुपे जहागिरीमुळे नाव इतिहासात आधीच आलेलं. १८७५ च्या सुमाराला हे बाजाराचं गाव होतं, त्यामुळे दुकानदार आणि सावकार इथे बरेच.

त्या दिवशी आजूबाजूच्या गावांतले शेतकरी सुप्यात जमले आणि सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. त्यांची मागणी पैशांची नव्हती. त्यांना वह्या हव्या होत्या आणि कर्जखतं हवी होती. हाती लागली तशी ती रस्त्यावर आणून जाळली. धान्याची दुकानं लुटली गेली, काही घरांना आगी लागल्या.

मग हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरलं. तीसहून अधिक गावांत साधारण एकच प्रकार घडला: सावकाराला घेरायचं, खतं मागायची, दिली तर फाडायची, नाही दिली तर घरात शिरायचं. माणसांना जबर इजा करण्याचे प्रकार मात्र फार कमी झाले. राग कागदावर होता. सरकारने फौज पाठवली, गावोगाव पोलीस चौक्या बसवल्या, शेकडो शेतकऱ्यांना अटक झाली. इतिहासात याची नोंद 'डेक्कन रायट्स' म्हणजे दख्खनचे दंगे अशी आहे.

हे एका दिवसात पेटलेलं नव्हतं. आदल्या वर्षाच्या अखेरीस शिरूर तालुक्यातल्या करडे गावाने सावकारांवर बहिष्कार टाकला होता. त्यांच्याकडे कामाला जायचं नाही, पाणी भरायचं नाही, हजामत करायची नाही. शेजारच्या गावांनी तोच मार्ग धरला होता.

आता प्रश्न असा की कागदावर एवढा राग का?

शंभराचे आठशे पंच्याहत्तर

दामदुप्पट हा एक नियम झाला. पण एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये वेगळंच वारं वाहत होतं. ॲडम स्मिथ, ज्याला मुक्त बाजाराचा जनक म्हणतात, तो स्वतः व्याजावर कायद्याने मर्यादा असावी या मताचा होता. हे आजच्या अनेक बाजारवाद्यांना ठाऊक नसतं. त्याला विरोध केला जेरेमी बेंथम याने. १७८७ मध्ये त्याने व्याजखोरीच्या बचावाचं अख्खं पुस्तकच लिहिलं. त्याचा मुद्दा साधा होता. देणारा आणि घेणारा दोघेही जाणते आहेत, दोघेही राजी आहेत, तर मध्ये सरकारने का पडावं? आणि मर्यादा घातली तर ज्याला कर्ज देणं धोक्याचं आहे, अशा गरिबाला कुणी कर्जच देणार नाही.

मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आजही कर्जाच्या व्याजावर मर्यादा घाला म्हटलं की बँकांकडून हेच उत्तर येतं.

१८५४ मध्ये इंग्लंडने व्याजमर्यादेचे कायदे रद्द केले. पुढच्याच वर्षी, १८५५ मध्ये, हिंदुस्थानातही तसा कायदा झाला. ठरलेलं व्याज हेच खरं व्याज, न्यायालयाने तेच धरायचं. दामदुप्पट रद्द झाला नाही, पण त्याच्या भोवतीची जमीन खचली.

मग १८५९ चा मुदतीचा कायदा आला. साध्या कर्जखताची मुदत तीन वर्षं ठरली. हेतू चांगला होता: सावकाराने वर्षानुवर्षं व्याज साचू देऊ नये. झालं उलटंच. तीन वर्षं संपत आली की सावकार शेतकऱ्याला बोलावून घेई. जुनं मुद्दल अधिक थकलेलं व्याज, अशी बेरीज करून तेवढ्या रकमेचं नवं खत लिहून घेई. आता हे सगळंच मुद्दल. त्यावर पुन्हा व्याज. तीन वर्षांनी पुन्हा नवं खत.

गणित करून पाहू. समजा एका शेतकऱ्याने शंभर रुपये घेतले, शेकडा दोन रुपये महिना या दराने. म्हणजे वर्षाला २४ टक्के. त्याने काहीच फेडलं नाही असं धरू. तीन वर्षांत व्याज झालं ७२. नवं खत १७२ रुपयांचं. सहा वर्षांनी ते होतं २९६. नऊ वर्षांनी ५०९. बारा वर्षांनी ८७५.

दामदुप्पट पाळला असता तर आकडा दोनशेवर थांबला असता. पण प्रत्येक नवं खत कायद्याच्या दृष्टीने नवं कर्ज होतं, आणि दामदुप्पटीची मोजणी त्या नव्या मुद्दलापासून सुरू होई. शेतकऱ्याचा अंगठा उठला की जुना हिशेब पुसला जाई. कागदावर नियमही जिवंत आणि लूटही कायदेशीर.

वाद झालाच तर प्रकरण दिवाणी न्यायालयात. तिथे पुरावा म्हणजे खत, आणि खत सावकाराकडे. शेतकऱ्याने भरलेल्या रकमेची पावती बहुधा नसायची. तालुक्याच्या गावी जायचं, वकील करायचा, तारखा सांभाळायच्या, हे त्याच्या आवाक्याबाहेरचं. त्यामुळे बरेच दावे एकतर्फी निकाली निघत. हुकूमनामा हाती आला की घर, बैल, जमीन यांची जप्ती. वेळप्रसंगी ऋणकोला अटकही करता येई.

पूर्वीही सावकार होताच. पण गावात राहायचं तर त्याला गावाचं तोंड पाहावं लागे. कुणाची शेवटची बैलजोडी सोडवून नेली तर चारचौघांत बोलणी खावी लागत. न्यायालयाने त्याची ती गरजच संपवली. सुप्यात कागद का जळाले, ते इथे कळतं.

मुंबईत त्याच कापसावर पैशांचा पाऊस

ही झाली कायद्याची बाजू. पण कर्जाचा डोंगर उभा कसा राहिला, त्याची सुरुवात अमेरिकेत आहे.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं. ब्रिटनच्या कापडगिरण्यांना लागणारा तीन चतुर्थांश कापूस अमेरिकेतून येत होता. तो आटला. सगळ्यांच्या नजरा हिंदुस्थानकडे वळल्या, आणि १८६२ पर्यंत ब्रिटनमध्ये येणाऱ्या कापसापैकी बहुतांश कापूस हिंदुस्थानातला होता. भाव अनेक पटींनी वाढले. मुंबईच्या व्यापाऱ्यांनी मोठ्या सावकारांना पैसे दिले, त्यांनी गावच्या सावकारांना, आणि गावच्या सावकाराने शेतकऱ्याला. कापूस लावणाऱ्याला एकरी शंभर रुपयांपर्यंत उचल मिळू लागली. कर्ज मागायला जावं लागत नव्हतं, कर्जच दारात येत होतं. क्रेडिट कार्डाचे फोन ज्यांना येतात त्यांना हे दृश्य ओळखीचं वाटेल.

मुंबईत तर वेगळीच धुंदी चढली. कापसाचा एवढा पैसा आला की तो ठेवायचा कुठे हा प्रश्न पडला. नव्या बँका निघाल्या, वित्त कंपन्या निघाल्या, समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्या निघाल्या. 'बॅक बे रेक्लमेशन' या कंपनीचा ५ हजार रुपये भरणा झालेला शेअर ५० हजारांच्या आसपास गेला. या साऱ्या खेळाचा बादशहा होता प्रेमचंद रायचंद. कापसाचा आणि शेअरचा दलाल. त्याने हात लावला की शेअर वर, अशी त्याची ख्याती. सरकारचा हिस्सा असलेली बँक ऑफ बॉम्बेसुद्धा शेअर तारण ठेवून सढळ हाताने कर्जं देत होती.

एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेतलं युद्ध संपत आल्याच्या बातम्या पसरल्या आणि कापूस कोसळला. १ जुलै १८६५ हा पुढच्या तारखेच्या सौद्यांचा हिशेब चुकता करण्याचा दिवस होता. त्या दिवशी द्यायला कुणाकडेच पैसे नव्हते. कालचे लक्षाधीश दिवाळखोर झाले. बँक ऑफ बॉम्बे पुढे बुडाली, तिची चौकशी झाली आणि १८६८ मध्ये त्याच नावाची नवी बँक उभी राहिली.

मुंबईत ही पडझड झाली तेव्हा ज्यांनी कर्जं घेऊन सट्टा खेळला होता, त्यांच्यासाठी दिवाळखोरीचा मार्ग होता. जे आहे ते वाटून टाका, धनकोंशी तडजोड करा, पुन्हा उभे राहा. प्रेमचंद रायचंदही कोसळला आणि नंतर पुन्हा व्यापारात उभा राहिला. तेजीच्या दिवसांत त्याने मुंबई विद्यापीठाला दिलेल्या देणगीतून त्याच्या आईच्या नावाचा राजाबाई टॉवर झाला. तो १८७८ मध्ये पूर्ण झाला आणि आजही फोर्टात उभा आहे. त्या काळच्या मुंबईतल्या कितीतरी इमारती, रस्ते आणि भराव याच कापसाच्या पैशांतून आले. लोभाने काहीच उभं केलं नाही असं म्हणणं खोटं ठरेल.

त्याच कापसाची दुसरी शेपटी दख्खनमध्ये होती. भाव पडले, मुंबईचा पैसा आटला. गावच्या सावकाराने नवी उचल देणं बंद केलं आणि जुन्याचा तगादा लावला. शेतकऱ्याला मात्र दिवाळखोरीचा मार्ग नव्हता. मुंबईच्या सटोडियाचं नुकसान हा धंद्यातला धोका ठरला. शेतकऱ्याचं कर्ज ही त्याची उधळपट्टी ठरली. लग्नात खर्च करतात, सण करतात, पुढचा विचार करत नाहीत, अशी टीका तेव्हाच्या सरकारी कागदपत्रांत सापडते. भाषा ओळखीची वाटते ना?

मग लोभी नक्की कोण?

दंग्यांनंतर मुंबई सरकारला वाटत होतं की प्रकरण किरकोळ आहे. १८५७ च्या आठवणीने घाबरलेल्या वरिष्ठ सरकारने चौकशी आयोग नेमायला लावला. आयोगाचा अहवाल १८७८ मध्ये ब्रिटिश संसदेसमोर ठेवला गेला. शेतकऱ्यांच्या आणि सावकारांच्या जबान्या, व्याजाचे दर, जमीन महसुलाचे आकडे, सगळं त्यात आहे. शंभर रुपयांच्या कर्जावर दोन हजारांहून अधिक व्याज लावल्याचं उदाहरणसुद्धा.

निष्कर्ष काय? दोष मुख्यतः सावकाराचा. सरकारी सारा हे दंग्यांचं कारण नाही.

इथे थांबून पाहायला हवं. १८६० च्या दशकाच्या अखेरीस पुणे जिल्ह्यातल्या तालुक्यांत साऱ्याची फेरआकारणी सुरू झाली होती. तीस वर्षांपूर्वी ठरलेले दर संपले आणि नवे लागले. वाढ काही ठिकाणी ५० टक्के, काही ठिकाणी १०० टक्के. आणि ही फेरआकारणी अशा वेळी, जेव्हा कापसाचे भाव उतरत होते. ओरड इतकी झाली की १८७४ मध्ये, दंग्यांच्या आधीच, मुंबई सरकारने स्वतःवर मर्यादा घालून घेतली: कुठल्याही एका शेताचा सारा १०० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचा नाही. थोडक्यात, दुपटीवर थांबायचं. सरकारची ही स्वतःचीच दामदुप्पट म्हणायची.

सारा रोख भरायचा असे आणि ठरलेल्या हप्त्यांत भरायचा असे. पीक बुडालं तरी. मग शेतकरी जाणार कुणाकडे? सावकाराकडे. म्हणजे सावकाराच्या दारात त्याला ढकलणारा हात सरकारचा होता, आणि दंगा झाल्यावर सावकाराकडे बोट दाखवणारा हातही सरकारचाच. हा आयोग सरकारने नेमलेला, सरकारी माणसांचा. त्याने आपल्याच मालकाला निर्दोष ठरवलं यात नवल नाही, पण आजही अनेक ठिकाणी या दंग्यांची गोष्ट केवळ 'सावकारांच्या जुलमाची' म्हणून सांगितली जाते.

आणखी एक गोष्ट अवघड आहे, पण टाळता येत नाही. आयोगाच्याच नोंदींप्रमाणे हल्ले मुख्यतः मारवाडी आणि गुजराती सावकारांवर झाले. ज्या गावांत ब्राह्मण किंवा इतर स्थानिक सावकारही तोच धंदा करत होते, तिथे बहुतेक वेळा ते सुटले. ते दयाळू होते म्हणून नव्हे. ते आपले होते, दुसरे बाहेरचे होते. लोभ एखाद्या जातीच्या, समाजाच्या स्वभावातच आहे असं ठरवलं की मग व्यवस्थेकडे पाहायची गरज उरत नाही. असं सोपं उत्तर शोधण्याची सवय १८७५ मध्येच संपली असंही नाही.

सावकाराची बाजूही अगदीच फोल नव्हती. तो वरून कर्ज घेऊन खाली देत होता. दख्खनच्या पूर्व भागात पाऊस बेभरवशाचा, त्यामुळे बुडीत कर्जांचा धोका खरा होता. जास्त धोका तर जास्त व्याज, हा हिशेब कुठलीही बँक करते.

मग रेष कुठे आखायची? व्याजाचा आकडा पाहून ती आखता येत नाही, हे एवढ्या गोष्टीवरून दिसतं. मुंबईच्या सटोडियानेही महाग कर्ज घेतलं होतं. पण त्याला नाही म्हणता येत होतं, दुसरा धनको शोधता येत होता, कागद वाचता येत होता आणि बुडाला तर सुटका होती. भीमथडीच्या शेतकऱ्याकडे यातलं एकही नव्हतं. हप्त्याची तारीख सरकारने ठरवलेली, कर्ज देणारा गावात एकच, कागद मोडी लिपीतला किंवा सावकाराच्या वहीतला. बेंथमने गृहीत धरलेले दोन जाणते, राजीखुशीचे माणूस सुप्याच्या बाजारात समोरासमोर कधी बसलेच नव्हते. नफा आणि लोभ यांच्यातला फरक समोरच्याला उठून जाता येतं का, यावर ठरतो. इथे त्याला उठता येत नव्हतं, आणि सावकाराला ते पक्कं माहीत होतं.

कायद्याने काय केलं?

१८७९ मध्ये 'डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट' आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी. त्या काळाच्या मानाने हा कायदा धाडसी होता. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला अटक करणं बंद झालं. खतं गावच्या नोंदणी अधिकाऱ्यासमोर लिहायची, पैसे भरले की पावती द्यायची. शेतकऱ्याला दिवाळखोरीचा मार्ग मिळाला.

पण सगळ्यात मोठी गोष्ट वेगळी होती. न्यायाधीशाला खताच्या मागे जायची मुभा मिळाली. शेवटचं खत ८७५ चं असू दे, पहिल्यांदा हातात किती पैसे दिले होते? तिथून हिशेब मांडायचा, आणि व्याज मुद्दलापेक्षा जास्त धरायचं नाही. दामदुप्पट परत आला, आणि या वेळी पळवाट बुजवून. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी याच कायद्याखाली बरीच वर्षं काम केलं, गावोगावची प्रकरणं तपासली. शेतकऱ्याच्या दैन्यावर ते पुढे जे बोलले आणि लिहिलं, त्यामागे हा अनुभव होता.

सगळं सुरळीत झालं का? नाही. सावकारांनी गहाणखत लिहून घेणं कमी केलं आणि थेट विक्रीखत लिहून घ्यायला सुरुवात केली. जमीन 'विकत' घ्यायची आणि तोंडी सांगायचं, पैसे फेडलेस की परत देईन. कर्ज मिळणंही काहीसं आटलं. बेंथमचा इशारा इतका तरी खरा ठरला. महात्मा फुल्यांनी १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला तेव्हाही शेतकरी कर्ज, कचेरी आणि साऱ्याच्या कचाट्यातच होता.

आजचा सावकार फोनमध्ये

महाराष्ट्रात आज सावकारीसाठी २०१४ चा कायदा आहे. परवाना लागतो. दर सरकारने ठरवलेले आहेत: शेतकऱ्याला तारणावर वर्षाला ९ टक्के, विनातारण १२ टक्के, इतरांना १५ आणि १८ टक्के. मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करायचं नाही, हा दामदुप्पटीचा नियमही त्यात आहे. अवैध सावकाराने १५ वर्षांच्या आत बळकावलेली जमीन चौकशी करून परत देण्याचे अधिकार जिल्हा निबंधकांना आहेत. या तरतुदीमुळे शेतकऱ्यांना जमिनी परत मिळालेल्या आहेत, हे अनेकांना माहीतच नसतं.

पण हा कायदा सावकारासाठी. बँकांना तो लागू नाही. बँकिंग नियमन कायद्यातलं २१-अ हे कलम १९८४ पासून लागू आहे. बँकेने लावलेलं व्याज अवाजवी आहे, एवढ्या कारणावरून न्यायालयाने व्यवहार उघडून पाहायचा नाही, असं ते सांगतं. १८७९ ने जे दार उघडलं होतं, ते इथे बँकांपुरतं बंद झालं. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शेतीकर्जातून दिलासा देणारे राज्यांचे कायदे मात्र याच्या कक्षेबाहेर ठेवले. क्रेडिट कार्डाचं काय? राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये वर्षाला ३० टक्क्यांहून जास्त व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली होती. २० डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला.

आणि मग ॲप. २०२१ च्या सुरुवातीला रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटाने शोध घेतला, तेव्हा झटपट कर्ज देणारी सुमारे १,१०० ॲप सापडली. त्यातली ६०० बेकायदा होती. यांचं गणित सुप्याच्या सावकारालाही लाजवेल असं. समजा ५ हजारांचं कर्ज मंजूर झालं, 'फी' कापून हातात आले ३,५००, आणि सात दिवसांत भरायचे पूर्ण ५ हजार. म्हणजे आठवड्याला जवळपास ४३ टक्के. नाही भरले तर फोनमधल्या सगळ्या नंबरांवर मेसेज, फोटो बदलून धमक्या. करडे गावाने सावकारावर जो सामाजिक दबाव टाकला होता, तो इथे कर्जदारावर उलटवला गेला. कितीतरी कुटुंबांनी या तगाद्यापायी आपलं माणूस गमावलं आहे.

सप्टेंबर २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने डिजिटल कर्जांसाठी नियम काढले. मे २०२५ मध्ये ते एकत्र करून नव्याने आणले आणि त्यानंतर अधिकृत ॲपची यादी आपल्या संकेतस्थळावर टाकली. कर्जाचे पैसे थेट कर्जदाराच्या खात्यात यायला हवेत. सगळ्या फी धरून वर्षाचा दर किती, हे एका पानावर आधी सांगायला हवं. ठरावीक दिवसांत दंड न भरता कर्ज परत करण्याची मुभा हवी. फोनमधले कॉन्टॅक्ट आणि फोटो बघायला ॲपला परवानगी नाही.

त्यामुळे कर्ज घ्यायची वेळ आलीच तर ॲपच्या नावावर जाऊ नका. त्या एका पानावर कर्ज देणाऱ्या बँकेचं किंवा वित्त कंपनीचं नाव शोधा. ते नाव नसेल, किंवा ॲप कॉन्टॅक्ट पाहायची परवानगी मागत असेल, तर तिथेच बाहेर पडा. आधीच अडकला असाल तर रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' पोर्टलवर तक्रार करता येते, आणि धमक्या येत असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर. स्क्रीनशॉट मात्र जपून ठेवा. सुप्याच्या शेतकऱ्याकडे नेमकी पावतीच नव्हती.